गुडघ्याची गोळी

मथुराबाईचे गुडघे ठणठणीत होते, हे अख्ख्या गावात तिघांनाच ठाऊक. एक ती स्वतः, एक नवरा बब्रुवान आणि एक लेक हर्षाली. बाकी गावाच्या लेखी मथुराबाई म्हणजे गुडघ्यानं बेजार झालेली बाई. महिन्यातून एकदा ती येरमाळ्याच्या स्टँडवरून एसटीनं धाराशिवला जायची आणि दिवस कलताना पिशवीत गोळ्यांचं पाकीट घेऊन परत यायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "गुडघ्याची गोळी संपली व्हती." मग समोरची बाई निरगुडीचा पाला सांगायची, दुसरी कुणी एरंडेल चोळायला सांगायची, आणि मथुराबाई सगळं मन लावून ऐकून घ्यायची. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. हिच्या कपाळी लंगडणं आलं. पहिल्या पहिल्यांदा गावातून जाताना आठवणीनं पाय ओढावा लागे. पुढं पुढं पाय आपला आपणच ओढला जायला लागला. घरात कुणी बघत नसलं तरीसुद्धा.

गोळी हर्षालीची होती. फिटची.

चौदाव्या वर्षी पोर सोयाबीन काढता काढता बांधाला आडवी झाली. डोळे फिरले, हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. रानात आईबापाखेरीज कुणी नव्हतं, ही मथुराबाईला येरमाळ्याच्या येडाई देवीची कृपा वाटली. झालं ते झालं, पण कुणी बघितलं नाही. धाराशिवच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले, कागदाच्या लांब पट्ट्या काढल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. सकाळी एक, रात्री दोन. "गोळी चुकवायची नाही," तो म्हणाला, "आणि तीन-चार महिन्यांनी पोरीला दाखवायला आणत जा."

एकदा आणलं. त्या दिवशी बाकावर नेमकी शेजारच्या गावची ओळखीची बाई बसलेली. तिनं विचारलं, "कुणाला दाखवायला आलीस गं मथुरे?" मथुराबाईच्या तोंडून फटकन निघालं, "मलाच. गुडघा धरलाय." आता मेंदूच्या डॉक्टरच्या दारात बसून गुडघा सांगायचा, म्हणजे काय म्हणावं! पण त्या बाईनं मान डोलावली आणि स्वतःच्या पाठीचं रडगाणं सुरू केलं. मथुराबाईचा जीव मात्र त्या दिवसापासून टांगणीला लागला. तिनं पोरीला पुन्हा तिथं नेलं नाही. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि धाराशिवच्या बाजारातल्या एका मेडिकलवर ती दाखवून गोळ्या आणत राहिली. चिठ्ठी जायची, पोर घरी राहायची. पोरीच्या जातीला असलं नाव चिकटलं की मांडवापर्यंत आणि मांडवाच्याही पुढं चिकटतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

फिट थांबली. गेल्या पाच वर्षांत तर एकदासुद्धा नाही. पण पोरीचं तोंड बदलत गेलं.

आधी हिरड्या फुगल्या. फुगल्या त्या खाली उतरत आल्या आणि दात त्यांच्यात बुडत गेले. ब्रश लावला की रक्त. मग वरच्या ओठावर काळी लव, मग हनुवटीवर, मग कानाच्या बाजूनं खाली. गालाची कातडी जाड झाली, फोड आले. सातवीतला फोटो भिंतीवर होता, तो बघून घरी आलेली बाई विचारायची, "ही कोण?" हर्षालीनं हसणं सोडलं. बोलताना हात तोंडाशी जायला लागला. मग कोरोना आला आणि तिला मास्क सापडला. कोरोना गेला, गाव मोकळ्या तोंडानं हिंडायला लागलं, हिचा मास्क काही सुटला नाही. मास्कवरून स्कार्फ आणि स्कार्फची घट्ट गाठ मानेमागं. "धूर सोसत न्हाय तिला," असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. एक खोटं बोललं की त्याच्या सोबतीला दुसरं लागतंच.

धुराला त्या घरात तोटा नव्हता. बब्रुवानचं खव्याचं काम. घरामागं पत्र्याच्या शेडखाली दोन भट्ट्या, त्यांवर दोन कढया. उजाडायच्या आत वस्त्यावस्त्यांवरून दूध यायचं आणि लगेच जाळ लागायचा. लांब दांड्याच्या उलथन्यानं कढईचा तळ खरवडत हलवत राहायचं, हात थांबला की दूध बुडाला धरतं. पहिल्या कढईवर बब्रुवान. दुसरीवर कैक वर्षं कामाला एक बाई होती. पण यंदा दसरा होताच ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. दुसरं माणूस मिळेना. दूध तर रोज येणार, म्हशीला कुठं सुट्टी असते? चार दिवस मथुराबाईनं रेटलं, पण तिला चूल, झाडलोट, जाळ घालणं, सगळं बघून ते होईना. पाचव्या दिवशी हर्षालीनं तिच्या हातातलं उलथनं घेतलं.

"तू जाळापाशी न्हाय यायचं," मथुराबाई म्हणाली.

"का? पाच वर्षं झाली. कुठं काय झालंय?"

बब्रुवान दूध मापत होता. मान वर न करता म्हणाला, "उभी राहू दे. म्या हाय की हितंच."

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. पहाटे मथुराबाई फुलपात्रात दूध आणि तळहातावर एक गोळी घेऊन कढईपाशी यायची. हर्षाली एका हातानं हलवत दुसऱ्या हातानं गोळी घ्यायची, स्कार्फ जरासा खाली ओढायची. मग मथुराबाई खाली बसून तुराट्या मोडून जाळात घालायची. रात्री जेवणानंतर दोन. दोघींचं त्यावर बोलणं होत नसे.

तुळशीचं लग्न झालं आणि कोंडीराम पहिले पाहुणे घेऊन आला. कोंडीराम म्हणजे सोयरिकी जुळवणारा माणूस. चपला झिजवायची त्याला हौस. पाहुणे कळंबकडचे होते. पोहे झाले, चहा झाला. मुलगी पाटावर बसली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, तेही ओठ पुरते न उघडता. मास्क काढलेला, डोक्यावर पदर. येरमाळ्याच्या पार्लरमध्ये जाऊन लव काढून आली होती, त्यानं ओठावर लाल चट्टे उठलेले. पुरुष माणसांनी फार बघितलं नाही. पण मुलगी आत गेली तशी मुलाची मावशी उठून सरळ चुलीपाशी आली.

"जरा उजेडाला ये गं," ती म्हणाली, आणि बाजारात वांगं फिरवून बघावं तशी हर्षालीची हनुवटी धरून तोंड दाराकडं फिरवलं. "आ कर बघू."

हर्षालीनं ओठ मिटून धरले.

"लाजू नगं. आमी काय परके हाव का?" मावशीनं अंगठा तिच्या हनुवटीवर घासला. "उगवतंय की गं परत." मग मथुराबाईकडं वळून तोंड भरून हसली. "चहा लई चांगला झाला बरं का."

तीन दिवसांनी कोंडीरामनं निरोप आणला. निरोप कसला, ओट्यावर बसून तंबाखू मळत मळतच सांगितलं. "पोरगी गुणाची हाय म्हणाले. पण हसत न्हाय."

"हसत न्हाय म्हणजे?" बब्रुवान.

"आता म्या काय सांगू भाऊ? तुमीच समजा."

कोंडीराम गेल्यावर हर्षालीनं मोबाइल आणून आईपुढं धरला. कुणाच्या तरी तोंडाचा फोटो होता, आणि हिरड्या थेट हर्षालीसारख्या. "आई, हे गोळीनं व्हतंय. केससुद्धा. म्या वाचलंय. बंद करून बघू दोन महिनं."

"खबरदार! गोळीचं नाव काढायचं न्हाय. कढईत पडलीस म्हणजे?"

"मग डॉक्टरला दाखवू."

"लोकांनी बघितलं म्हणजे?"

"लोकांनी काय बघायचं राहिलंय आई?" हर्षाली म्हणाली आणि मोबाइल घेऊन आत गेली.

मथुराबाई रागावली खरी, पण तो फोटो तिच्या डोळ्यांपुढून हलेना. रोज जाळ घालताना तेच. आपल्याच हातानं तळहातावर ठेवून आपण पोरीचं तोंड बिघडवतोय. न द्यावी तर फिट, द्यावी तर हे. तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. आणि असं करता करता एक दिवस कढईकडं बघून तिला सुचलं.

खवा करणाऱ्या माणसाला जाळाचं गणित कळतं. दूध पातळ असतं तोवर जाळ भडक हवा. आटत आलं की जाळ ओढायचा. एकदम नाही, एक एक लाकूड. शेवटी नुसत्या निखाऱ्यावर काम होतं. तिला वाटलं, पोरीचं दुखणंही असंच असणार. आठ वर्षं भडक जाळ घातला. पाच वर्षांत फिट नाही. म्हणजे आटत आलंय. आता एक लाकूड ओढायला काय हरकत आहे? अडाणीपणा म्हणाल तर म्हणा, पण तीस वर्षांत त्या हिशेबानं तिचा एक घाणा करपला नव्हता.

त्या रात्री तिनं दोनच्या जागी एकच गोळी दिली.

"एकच?" हर्षालीनं विचारलं.

"मेडिकलवाला म्हणला, आता रातची एक बास."

हर्षालीनं तिच्याकडं नुसतं बघितलं. तिचे डोळे जरा उजळल्यासारखे मथुराबाईला वाटले. तिनं गोळी घेतली, पाणी प्याली, आणि पुढं काही विचारलं नाही. बब्रुवानला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दीड-दोन महिने गेले. थंडी वाढली. पहाटे शेडखाली पाठ गार आणि तोंड भाजतंय, असं काम. हर्षालीच्या खांद्यात गोळे यायचे, तळहाताला घट्टे पडले. कधी कधी हलवता हलवता तिचा हात क्षणभर झटका बसल्यासारखा उडायचा, दुधाचा शिंतोडा बाहेर पडायचा. "डुलकी लागली," ती म्हणायची. मथुराबाईला बरं वाटायचं नाही. पण हिरड्यांची लाली उतरल्यासारखी तिला वाटत होती, लांबूनच. हर्षाली जवळून बघू देत नव्हती. लव होती तशीच होती.

पौष सरला आणि कोंडीरामनं जवळच्या वाशी गावचं स्थळ आणलं. मुलगा अमरसिंह, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, चार एकर रान. पाहुणे आले, बसले. या वेळी कुणी चुलीपाशी आलं नाही. अमरसिंह बुजरा होता, बराच वेळ बशीकडं बघत बसला. मग एकदम म्हणाला, "खवा तुमीच करता का?"

"व्हय," हर्षाली म्हणाली.

"हात भाजत न्हाय?"

"भाजतोय की," असं म्हणून ती हसली. जरासंच, ओठांच्या कोपऱ्यात, लगेच हात तोंडाशी नेला. पण हसली. दाराआड उभ्या मथुराबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. किती वर्षांनी बघितलं हे तिनं!

मुलगी पसंत पडली. रविवारी सुपारी फोडायला येतो म्हणाले.

गुरुवारी ते झालं.

पहाटेचे साडेसहा असतील. बब्रुवान दुधाची शेवटची किटली आणायला बाहेर गेला होता. दुसऱ्या कढईतलं दूध आटून गोळा व्हायला लागलं होतं, म्हणजे हात जोरात चालवायची वेळ. मथुराबाई खाली बसून लाकूड मागं ओढत होती. कढईतला खरखर आवाज थांबला. तिनं वर बघितलं. हर्षालीचा हात उलथन्यावर तसाच, आणि मान हळूहळू एका बाजूला वळत चाललेली, कुणी हाक मारल्यासारखी.

"हर्षे?"

उलथनं खाली पडलं. पोर पुढं झुकली, कढईवर. मथुराबाई कशी उठली ते तिचं तिला आठवत नाही. तिच्या हाताला पहिलं लागली ती मानेमागची स्कार्फची गाठ. तीच धरून तिनं जिवाच्या आकांतानं मागं ओढलं. ओढताना स्वतःचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत कढईच्या काठावर टेकला आणि चर्र आवाज झाला. दोघी मातीत पडल्या. हर्षालीचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मग झटके सुरू झाले.

त्याच वेळी खवा न्यायला व्यंकट आला. येरमाळ्यापासून वाशीपर्यंत हॉटेलांना खवा पुरवणारा, तरणा माणूस. दारात गाडी लावून आत आला आणि जागीच थिजला. मग धावला, पायातली चप्पल काढून हर्षालीच्या नाकाला लावायला लागला.

"चप्पल नगं," मागून बब्रुवान आला होता. किटली टाकून तो गुडघ्यावर बसला. "कुशीवर वळवा तिला. डॉक्टरनं तसंच सांगितलंय."

सांगितलंय, हे तो बोलून गेला. व्यंकटनं एकदा त्याच्याकडं बघितलं. म्हणजे हे नवं नाही तर.

झटके थांबले. हर्षाली घोरल्यासारखी श्वास घेत पडून राहिली. मास्क कुठं गेला होता, स्कार्फ सुटला होता. जीभ चावली गेल्यानं हनुवटीवर रक्त. ती अशी उघड्या तोंडानं, उजेडात, परक्या माणसापुढं पडलेली. मथुराबाईनं पदर टाकून तिचं तोंड झाकायचा प्रयत्न केला, तेव्हा तिला आपला हात दिसला. कढईतला खवा करपून काळा झाला होता आणि त्याचा वास गावभर गेला असणार.

"व्यंकट," बब्रुवाननं हात जोडले. पांढऱ्या मिशांचा माणूस, पोराच्या वयाच्या गड्यापुढं. "हे वाशीला बोलू नगं बाबा. रविवारी तिची सुपारी हाय."

"हात कशाला जोडता मामा," व्यंकट म्हणाला. त्याला कुठं बघावं कळेना. "म्या कशाला बोलू?" रिकामे डबे घेऊन तो गेला. बब्रुवानचे हात तो गेल्यावरसुद्धा थोडा वेळ तसेच होते.

दुपारी हर्षाली उठून बसली. मथुराबाईच्या हाताला गावातल्या दवाखान्यात पट्टी बांधून आणली होती. तिघं भिंतीला टेकून बसली होती, कुणी जेवलं नव्हतं.

"पाच वर्षं न्हाय आली," बब्रुवान म्हणाला. "गोळी चुकली का?"

मथुराबाईनं पट्टीच्या टोकाशी चाळा केला. "चुकली न्हाय. म्या कमी केली. रातची एक. दोन महिनं झालं." मग पुढचं ती जमिनीशी बोलली, "तोंड सुधारंल म्हणलं पोरीचं. जाळ ओढतो तसं, हळूहळू."

हर्षालीनं मान वर केली. जीभ सुजल्यानं तिचं बोलणं जड येत होतं. "रातची तू कमी केली व्हतीस?"

"व्हय."

"म्या सकाळची घेत न्हवते."

"घेत न्हवतीस? माझ्या हातातून तर घ्यायचीस."

"घेऊन जाळात टाकायचे. तू लाकूड घालायला वाकलीस की. पावण्यांचा न्हाय म्हणून निरोप आला तवापासून. मागनं तू सांगितलंस रातची कमी झाली, मला वाटलं मेडिकलवाल्यालाच पटलंय. म्हणजे सकाळची सोडलेली बी चालतीय."

दिवसाच्या तीन गोळ्यांतली एक उरली होती. दोघींनी एकमेकींपासून लपवून, एकाच तोंडासाठी. बब्रुवाननं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. त्याला ओरडायचं असावं. "आणि म्या हितंच व्हतो म्हणं," तो म्हणाला, आणि उठून करपलेली कढई घासायला गेला. संध्याकाळपर्यंत ती खरवडल्याचा आवाज येत होता.

शनिवारी मायलेकी धाराशिवला गेल्या. गावातून निघताना मथुराबाई लंगडली, आणि त्यात हाताला पट्टी. बघणाऱ्यांना वाटलं असेल, या बाईमागं काय साडेसाती लागलीय. जुन्या डॉक्टरच्या जागी आता एक तरुण डॉक्टर बाई बसत होती. बाक मात्र तोच. शेजारी बसलेल्या म्हातारीनं वेळ जात नव्हता म्हणून विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

"मला," मथुराबाई म्हणाली आणि पट्टी पुढं केली. "भाजलंय."

हर्षालीनं मास्कवरून आईकडं बघितलं.

आत डॉक्टर बाईनं चिठ्ठी उलटून पालटून पाहिली. पिशवीचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, अक्षरं विटली होती. "ही आठ वर्षांपूर्वीची आहे. मधले कागद कुठं आहेत?"

"न्हाईत."

"म्हणजे आठ वर्षं हिला कुणी तपासलंच नाही?"

"न्हाय," मथुराबाई म्हणाली.

"मास्क काढ," डॉक्टर बाई हर्षालीला म्हणाली. "आता तोंड उघड. अजून. पूर्ण."

हर्षालीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. डॉक्टर बाईनं बॅटरी आत धरली आणि एक एक बाजू नीट बघितली. मग म्हणाली, "दुखतं?"

हर्षालीनं मान डोलावली.

"जेवताना?"

पुन्हा तेच.

"आई, इकडं या. बघा तुम्ही."

मथुराबाईला उठवेना. आठ वर्षं तिनं या तोंडात गोळ्या दिल्या होत्या. या तोंडात बघितलं नव्हतं. ती वाकली. हिरड्या दातांवर चढून बसल्या होत्या, लाल, लोंबत्या, काही ठिकाणी एकमेकींना भिडलेल्या. दातांची फक्त टोकं दिसत होती. मागच्या बाजूला तर दात आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. यातून ही पोर रोज भाकरी खात होती. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि आवाज न करता रडली.

"ही गोळी जुनी आहे," डॉक्टर बाई म्हणाली. "फिट थांबवते, पण काहींच्या हिरड्या वाढवते, लव वाढवते. दुसऱ्या गोळ्या आहेत. दाखवायला आणली असती तर पहिल्याच वर्षी बदलली असती."

"पहिल्याच वर्षी?" मथुराबाई म्हणाली.

"हो. आता नवी चालू करू, ही हळूहळू कमी करू. पण कशी कमी करायची ते मी लिहून देईन, तुम्ही दोघींनी नाही ठरवायचं. हिरड्या बऱ्याचशा उतरतील, राहिल्या तर दातांचे डॉक्टर कापून नीट करतात. केसांना वेळ लागेल, सगळे जातील असं मी सांगत नाही. आणि जाळापाशी अजिबात उभं राहायचं नाही."

बाहेर आल्या. मथुराबाई बाकावर बसली. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: पहिल्याच वर्षी. म्हणजे पंधराव्या वर्षी. सातवीतल्या फोटोतलं तोंड तेव्हा अजून बरंचसं तसंच होतं.

पिशवीतला मोबाइल वाजला. कोंडीराम. त्याचा आवाज मोठा, कानापासून लांब धरला तरी ऐकू यायचा. "वैनी, उद्या अकरा माणसं हाईत बरं का. स्वयंपाकाचं बघा. आणि ते व्यंकट का कोण, त्याच्याकडनं पावण्यांच्या कानावर कायतरी गेलंय म्हणं. पोरगी भट्टीवर पडली व्हती का?"

मथुराबाईनं तोंड उघडलं. "ते... चक्कर आली व्हती. थंडीनं..."

हर्षालीनं तिच्या हातातून फोन घेतला. मास्क अजून लावलेला नव्हता, तिच्या मुठीत होता.

"मामा, म्या हर्षाली. चक्कर न्हाय, फिट आली व्हती. मला फिट येते. चौदा वर्षांची व्हते तवापासनं. गोळी चालू हाय. तोंड हे असं झालंय ते गोळीनंच. आज बदलून दिली. सुधारंल म्हणतात, सगळं सुधारंल असं न्हाय." बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली, समोरचा माणूसही. हर्षाली थांबली नाही, आवाजही चढवला नाही. खूप दमलेल्या माणसानं पत्ता सांगावा तसं ती सांगत होती. "हे सगळं त्यांना सांगा. ऐकून यायचं असंल तर या म्हणावं. आमी स्वयंपाक करून ठेवतो."

मग कोंडीराम म्हणाला, "विचारून सांगतो पोरी," आणि फोन ठेवला.

म्हातारी मथुराबाईकडं सरकली. "म्हणजे हिला हाय व्हय?"

"व्हय," मथुराबाई म्हणाली. "हिला हाय."

"माझ्या नातवाला हाय," म्हातारी म्हणाली. "आत गेलाय."

दोघी स्टँडकडं निघाल्या. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या, कॉलेजच्या पोरी स्कार्फ बांधून चालल्या होत्या. हर्षालीनं मास्क मुठीतच ठेवला होता. दोन-चार माणसांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, ती खाली बघत चालत राहिली. स्टँड येईतो फोन काही वाजला नाही.

"आई," हर्षाली म्हणाली.

"काय गं?"

"आता तरी लंगडू नगं."

मथुराबाई थांबली. तिनं आपल्या पायाकडं बघितलं, परक्याच्या पायाकडं बघावं तसं. मग तिनं पाय सरळ टाकला. दुसरा टाकला. चार पावलं नीट पडली आणि पाचव्याला पाय आपला आपणच ओढला गेला.

"जमंना गं," ती म्हणाली.

"असू दे," हर्षाली म्हणाली. तिनं आईचा न भाजलेला हात धरला, आणि येरमाळ्याची गाडी लागलेली होती तिकडं दोघी निघाल्या.